इतिहासाच्या तासाला ‘खेळ’ कशाला, म्हणणाऱ्यांना उत्तर

खाडीकाठचा मास्तर
काल सगळ्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरली, बीएला इतिहास घेतलेल्या एका मुलीच्या वडिलांची. म्हणे “वर्गात पोरांना अथेन्सचे नागरिक बनवून भांडायला लावतात, प्राध्यापक मागच्या बाकावर बसून ऐकतात, मग पगार कसला घेतात?” मी रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात हेच करतो, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

ही पद्धत मी मनाने काढलेली नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स यांनी १९९०च्या दशकात ती बसवली, आणि तिच्यातला गाजलेला खेळ इ.स.पू. ४०३च्या अथेन्सवर आहे. अथेन्सवाले स्पार्टाकडून हरलेत, स्पार्टाने बसवलेल्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट नुकतीच पडलीय, त्यांनी पंधराशेच्या आसपास माणसं मारलीत, आता सभेत ठरवायचं की सूड घ्यायचा की माफी द्यायची. प्रत्येकाला एक भूमिका, एक गट आणि जिंकायला काहीतरी मिळतं. बोलायचं तर वाचावंच लागतं. एरवी झेरॉक्सच्या नोट्सवर पास होणारा पोरगा त्या जुलमींना हुसकावणारा थ्रॅसिब्युलस झाला म्हणून लायब्ररीत गेला, पायरियस बंदराहून आपल्या बाजूने लढत आलेल्या गुलामांनाही नागरिकत्व द्या म्हणून घसा फोडून भांडला, आणि आर्किनस झालेल्या मुलीने तो ठराव बेकायदा ठरवून पाडला तेव्हा रागाने लाल झाला होता. खऱ्या अथेन्सातही तसंच झालं. फळ्यावर लिहून दिलं असतं तर त्याला राग आला असता का?

जुना बाक (निवृत्त)
तुमचा पोरगा हरला म्हणून जमलं, जिंकला असता तर? याच खेळात सॉक्रेटिसवर खटलाही चालतो, त्याला तुमच्या वर्गाने सोडून दिला तर परीक्षेत काय लिहायचं, निर्दोष सुटला? जे झालं तो इतिहास, जे झालं असतं ते कथाकादंबरीवाल्यांकडे ठेवा. मी आयुष्यभर खडू आणि भिंतीवरच्या नकाशावर शिकवलं, माझी मुलं आज तहसीलदार आहेत. आणि विशीतला मुलगा गुलामांच्या मालकाची बाजू टाळ्या घेत मांडतो हे तुम्हाला खटकत नाही?

खाडीकाठचा मास्तर
खटकतं, आणि वर्गालाही खटकावं म्हणूनच ती भूमिका आहे. सॉक्रेटिसचं म्हणाल तर तो सुटू शकला असता हेच कळायला हवं ना! इ.स.पू. ३९९च्या खटल्यात तीसच मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, असं तो न्यायसभेत म्हणाल्याचं प्लेटोने लिहून ठेवलंय, आणि न्याय करायला बसले होते ५००च्या आसपास. खेळ संपला की आम्ही तासभर फक्त एवढंच करतो, खरं काय झालं आणि आपल्या वर्गात वेगळं का झालं. तो तास गाळला तर तुमची भीती खरी आहे, तेवढं कबूल.

दापोलीची
मी असल्या वर्गातून गेलेय, दुसऱ्या एका कॉलेजात. माझ्या वाट्याला अथेन्समध्ये राहणारा परका व्यापारी आला, त्याला सभेत मत नाही, बोलायची मुभा नाही. मी गप्प बसले. भूमिका म्हणून गप्प की मुळात बुजरी म्हणून गप्प, ते सरांनी कधी विचारलं नाही. वक्तृत्व स्पर्धा गाजवणाऱ्या दोघातिघांनी सगळी सभा खाल्ली आणि मार्कही त्यांनाच. पुढे वाचनात आलं की लिसियस असाच परका होता, तीस जुलमींनी त्याच्या भावाला मारलं, त्यांचा ढालींचा कारखाना लुटला, आणि त्याने दुसऱ्यांसाठी लिहिलेली कोर्टातली भाषणं आजही वाचली जातात. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी पानंच्या पानं लिहून दिली असती.

कुडाळचो झील
ह्या अमेरिकेसून कित्याक आणूक होया? आमच्या दशावतारात लिवलेली संहिता नसता. मंडळीचो नाईक संध्याकाळी सांगता आज अमक्या आख्यान, तू अमको, तू तमको, आणि रात्री बाकड्यावर बसून नट आपापल्या डोक्यातून संवाद काढतत. पुराण पाठ असल्याशिवाय दोन मिनटां उभो ऱ्हवाचो नाय. भूमिकेतून शिकणा ता ह्याच.

हर्णैकर
दशावतारात शेवटी देवच जिंकणार हे लहान पोरालाही माहीत असतं. ज्याचा निकाल ठरलेला त्यात डाव कसला, ती भक्ती झाली.

कुडाळचो झील
खंयच्या जत्रेत बसललंस कधी? का मोबाईलवर दोन मिनटांचो व्हिडिओ बघून बोलतंस? चांगलो राक्षस उभो ऱ्हवलो की देवाक उत्तर सुचना नाय, पेटीवालो सूर लावून सांभाळून घेता. कोण जिंकताला ह्या ठरलला असता, कसो जिंकताला ह्या नाय.

दापोलीची
आणि बायकांची कामं वर्षानुवर्षं पुरुषांनीच केली, तेही सांगा.

कुडाळचो झील
आता बायकांचे दशावतारही होतत, येवन बघा. मूळ मुद्दो सोडून माझ्याच मागे कित्याक लागलास सगळे?

जुना बाक (निवृत्त)
दशावतार थोर कला आहे, माझं बालपण त्यात गेलं. पण ते पुराण आहे! पुराण आणि इतिहास एकाच ताटात वाढले जातात हीच माझी पहिल्यापासूनची तक्रार आहे. रंगात आलेला नट पुरावा बघत नाही, तुमचा विद्यार्थीही बघणार नाही.

कातळावरून
मला वेगळाच राग आहे. दारात कातळशिल्पं पडलीत, २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, बाजूला चिरेखाणी सुरूच, आणि आमची पोरं अथेन्ससाठी भांडतायत!

खाडीकाठचा मास्तर
खाणींबद्दल शंभर टक्के तुमच्यासोबत. पण ज्यांनी ती शिल्पं खोदली त्यांचा एक शब्द आपल्याकडे नाही, मग त्यांच्या तोंडी संवाद घालणार कुठून? तो शुद्ध बनाव होईल, जुना बाक म्हणतात तसा. कोकणावर खेळ करायचा तर सातवाहन-क्षत्रपांवर करा. पहिल्या शतकातला ग्रीक दर्यावर्दी लिहितो की कल्याण आधी अधिकृत बंदर होतं, नंतर सत्ता बदलली आणि चुकून आलेलं ग्रीक जहाजही पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. बसवा की कल्याणचा व्यापारी, यवन म्हणजे ग्रीक तांडेल आणि जकातीवरचा अधिकारी समोरासमोर. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण नाणी ठेवली, २००० दरमहा एक टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने, ते मुद्दल कधी परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. शिवाय ८००० नारळाची झाडं दान दिलीत, माडाच्या बागायतदाराच्या पोराला हे वेगळं समजवावं लागेल का? मग सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची १३,०००हून जास्त नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. राजा बदलल्यावर त्या श्रेणी व्याज देत राहतील का, यावर वर्ग आठवडाभर भांडेल.

जुना बाक (निवृत्त)
हे ठीक आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ते लेख मराठीत आणून ठेवलेत, ते हातात धरून आणि ओळ दाखवून बोलणार असतील तर मी स्वतः येऊन बसेन. पण मार्क लेखी निबंधालाच.

खाडीकाठचा मास्तर
बोलण्याला शून्य मार्क ठेवले तर तोंड कोण उघडणार? निम्मे निम्मे.

दापोलीची
निम्मेही जास्त होतात. ज्याला मत नाही त्याला लेखी अर्ज करू द्या आणि तो सभेत वाचलाच पाहिजे असा नियम करा. आणि भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटू नका, कोण कसं आहे ते बघून द्या.

खाडीकाठचा मास्तर
अर्जाचं मान्य, या सत्रापासून करतो. चिठ्ठ्यांचं नाही. अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठीनेच भरत.

दापोलीची
सेनापती मतदानाने निवडत, सर.