मदत हवी आहे: अर्धवट तयारीनिशी अवघड ट्रेलवर गेले, आता गाडीत (आणि माझ्यात) काय काय तपासू?

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे. तुकड्यातुकड्यांत विचारलं की उत्तरंही तुकड्यातुकड्यांत येतात, म्हणून सगळं एकदाच.

गाडी डिझेल, मॅन्युअल, पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी दोन चाकांना ताकद, दांडा ओढला की चारही चाकांना). लो रेंज (सावकाश पण जास्त जोराचे गिअर) आहे, डिफरन्शियल लॉक एकही नाही (डिफरन्शियल म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी, लॉक ते थांबवतं), ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणाऱ्या चाकाला आपोआप आवरणारी सोय) नाही. टायर शोरूममधून आले तेच, हायवेचे. दोन्ही बाजूंना साइड स्टेप आहेत. म्हणजे होत्या, डावी आता अर्धीच उरली आहे. चार वर्षांत हिला कच्च्या रस्त्याच्या पलीकडे कधी नेलं नव्हतं.

गेल्या रविवारी सात गाड्यांच्या गटाबरोबर गेले. निघण्याआधी विचारलं होतं, की माझी गाडी चालेल का. 'स्टॉक गाडी आरामात जाते, मध्यम ट्रेल आहे' असं उत्तर आलं. ते खोटं नव्हतं, कोरड्यात बहुधा तसंच असेल. पण आदल्या रात्री पाऊस झाला आणि चढावर पाण्याने नव्या खाचा पाडल्या. पुढच्या दोन गाड्यांनी त्या आणखी खोल केल्या. माझा नंबर येईपर्यंत चाकोरी माझ्या अर्ध्या चाकाएवढी झाली होती.

सुरुवातीलाच सगळ्यांनी टायरमधली हवा २० पीएसआयवर आणली. मी नाही आणली. माझ्याकडे पंप नव्हता आणि परत हवा भरायला कुणाच्या तरी मागे लागायचं जिवावर आलं. ३५ वर तशीच गेले. हा माझा पहिला गाढवपणा.

दुसरा चढावर. मी फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण गिअर नेहमीचे) होते. गाडी दम तोडायला लागली की हाफ क्लच, थोडी रेस, परत हाफ क्लच. वॉकीटॉकीवर गटप्रमुखांनी विचारलं, 'लो टाकलंय ना?' मी घाईत चालत्या गाडीतच लो रेंजचा दांडा ओढायला गेले. तो काही बसेना. गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये घ्यावी लागते हे मॅन्युअलमध्ये वाचलेलं, पण तिथे आठवेल तर शपथ. तेवढ्यात इंजिन बंद पडलं, मी घाबरून क्लच दाबला आणि गाडी मागे सुटली. ब्रेकवर थांबली ती तिरकी. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जवळजवळ हवेत, पोटाखाली एक खडक. गाडी परत चालू करून रेस दिली तर हवेतली दोन चाकं गरगर फिरतायत आणि जमिनीवरची दोन ढिम्म.

एक जण उत्साहाने ताणणारा दोर घेऊन आला आणि माझ्या मागच्या बंपरखालच्या कड्यात शॅकल (पेचाची लोखंडी कडी) अडकवायला लागला. गटप्रमुखांनी वाकून बघितलं आणि सरळ म्हणाले, 'काढ ते. ते ट्रकवर गाडी बांधायचं कडं आहे, झटका द्यायचं नाही.' मग जॅक. जॅक चिखलात रुतायला लागला, तेव्हा कुणीतरी खाली फळी टाकली. चाक उचलायचं, खाली दगड भरायचे, गाडी दगडांवर सोडायची, मग पुढचं चाक. एक तास चाळीस मिनिटं लागली. सहा गाड्या थांबून होत्या. कुणी एक शब्द बोललं नाही आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढे उतरल्यावर लगेच ओढा होता, गुडघ्याच्या वर पाणी. तो पार केला. मग डांबरी लागली आणि मी फोर व्हील काढायचीच विसरले, चार-पाच किलोमीटर तशीच आले. वळणावर स्टेअरिंग जड, गाडी अडखळल्यासारखी. दांडा निघेना. भावाने थोडं रिव्हर्स घ्यायला सांगितलं, तेव्हा टक् करून निघाला.

आता गाडीची अवस्था: गाडी सरळ चालवायची तर स्टेअरिंग घड्याळातल्या एक वाजल्याइतकं उजवीकडे धरावं लागतं. ट्रेलवर क्लचचा वास भरपूर येत होता, आता येत नाही. चेंबर गार्ड (इंजिनाखालचा पत्रा) वाकलंय, तेलगळती दिसत नाही. मागच्या अ‍ॅक्सलमधून काही आवाज नाही, पण पाण्याची धास्ती आहे.

मला विचारायचंय ते असं. अलाइनमेंट करून भागेल का? अ‍ॅक्सलमध्ये पाणी गेलं की नाही हे घरच्या घरी कसं कळेल? क्लच जळाला का? डांबरीवर केलेल्या उद्योगाने काही तुटलं असेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: तीन आठवड्यांनी हाच गट परत निघतोय आणि मला 'ये गं' म्हणालेत. तोपर्यंत एकच गोष्ट करता येणार असेल तर ती कोणती? टायर, लॉकर (म्हणजे डिफरन्शियल लॉक), लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), की गाडी घरीच ठेवू?

*

प्रतिसाद १

ताई, अलाइनमेंटला अजिबात जाऊ नका. आधी नाही. तिथला माणूस टाय रॉडचे (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) आटे फिरवून मशीनवर आकडे हिरवे करून देईल आणि वाकलेला रॉड आत तसाच राहील. हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, टॉर्च घेऊन समोरून खाली झोपा आणि डावा-उजवा टाय रॉड शेजारी सरळ पट्टी धरून बघा. वाकलेला असेल तर डोळ्यांनाच दिसतो. तोवर गाडी हायवेला काढू नका. तिथेच स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून अ‍ॅक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेत का तेही बघून घ्या. फाटक्या बुटातून चिखल आत गेला की सांधा हळूहळू खाऊन टाकतो, आवाज उशिरा येतो.

पाण्याचं: तुमचा चढ लांबला, अ‍ॅक्सल तापला आणि लगेच थंड पाण्यात गेला. आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलाने बुजलेला असेल किंवा त्याची नळी निघालेली असेल तर ते 'काहीतरी' म्हणजे पाणी. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, तळाला बसतं. सकाळी आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सोडा. हा क्रम चुकवू नका. खालचा उघडून तेल काढलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच राहील. मग खालचा बोल्ट जेमतेम सैल करा. आधी पाणी टपकलं किंवा तेल दुधाळ दिसलं तर दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), गिअरबॉक्स सगळ्यांचं तेल तपासा. दुधाळ असेल तिथलं बदला.

क्लच: सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी तिथेच, तर क्लच घसरतोय. दोन्ही बरोबर वाढले तर वास विसरा.

डांबरीवरचं घाबरण्यासारखं वाटत नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पार्ट-टाइममध्ये मधे डिफरन्शियल नसतो, त्यामुळे तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. मातीवर चाक घसरून पीळ सुटतो, डांबरीवर सुटत नाही. रिव्हर्सला सुटला तो तोच. आता दांडा सहज जातोय-येतोय ना? मग सोडून द्या.

*

प्रतिसाद २

तुमच्या गटप्रमुखांना माझा नमस्कार सांगा. माणूस जाणता आहे.

ताणणारा दोर म्हणजे टोचनचा दोर नव्हे. तो ताणला जातो, शक्ती साठवतो आणि मग ओढतो. म्हणूनच रुतलेली गाडी सुटते. पण ते कडं तुटलं असतं तर लोखंडाचा तुकडा आणि शॅकल दोन्ही गोफणीसारखे सुटले असते, समोरच्या गाडीच्या काचेतून आत. टो बॉलचंही (ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा) तेच. त्या गोळ्याला झटका देऊन गाडी काढताना तो मोडून माणसं गेलेली आहेत. पुढच्या बंपरमध्ये पेचाने बसवायचं जे कडं टूलकिटमध्ये मिळतं, ते सपाट रस्त्यावर सावकाश ओढण्यापुरतं.

म्हणून माझ्या हिशोबाने तुमची 'एकच गोष्ट' म्हणजे पुढे-मागे चासिसला बोल्ट केलेले, भार लिहिलेले ओढण्याचे हुक. आणि ४.७५ टन असं अंगावर कोरलेल्या दोन शॅकल. मागे टो हिचचा चौकोनी नळा असेल तर गोळा काढून दोराचं टोक आत घालायचं आणि हिचची पिन त्यातून घालायची, हा चालण्यासारखा उपाय आहे. लॉकर, लिफ्ट किट वगैरे नंतर. लॉकर लावून माणूस फक्त आणखी अवघड जागी जाऊन अडकतो. (स्वानुभव.)

*

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी थोडा असहमत. हुक हवेतच, पण ते अडकल्यावरची गोष्ट. अडकूच नये यासाठी हवेचं मीटर आणि पंप. ३५ वर तुमचा टायर दगडावर बोटाच्या टोकाएवढा टेकत होता. २० वर तो लांबट पसरतो आणि दगडाच्या आकाराला वळतो. तेच हायवेचे टायर, निम्मी लढाई जिंकलेली. हवा कमी केली की टायरच्या बाजूचा भाग फुगून बाहेर येतो, तेव्हा धारदार दगडांशी अंग घासू नका आणि डांबरी लागायच्या आत परत भरा. साध्या रिमवर १५ च्या खाली नको, वळताना टायर रिमवरून निसटतो.

हवेतल्या चाकांचं: लॉक नसलेला डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हवेतलं चाक फिरायला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्याला तरी कुठून मिळणार? अशा वेळी रेस वाढवू नका. रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबा. हवेतल्या चाकाला विरोध मिळतो तेवढाच जोर खालच्याला पोचतो. दर वेळी जमतं असं नाही, आणि पोट खडकावर टेकलं असेल तर फार अपेक्षा नको.

आणि खरं सांगू का, तुमची गाडी कमी पडली नाही. लो रेंजमध्ये पहिला गिअर साधारण अडीच पट हळू चालतो. क्लचला हातच, म्हणजे पायच, लावावा लागला नसता. चढ सुरू होण्याआधी थांबायचं, लो टाकायचं, मग गाडीतून उतरून चढ पायी चढून बघायचा. कुठलं चाक कुठे ठेवायचं ते आधी ठरवायचं. खोल चाकोरीत पडण्यापेक्षा दोन्ही खाचांच्या मधल्या उंचवट्यावर एका बाजूची चाकं ठेवता येतात का ते बघायचं. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक घट्ट. मग रिव्हर्स टाकून गाडी चालू करायची, क्लच पूर्ण सोडताना ब्रेक हळूहळू सैल करायचा आणि इंजिनच्या बळावर सरळ मागे यायचं. क्लच दाबून मागे घरंगळणं हेच गाडी तिरकी होण्याचं कारण. तिरकी झालेली गाडी मग उलटू शकते, तुमची थांबली हे नशीब.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी भाऊ आणि मी टॉर्च घेऊन खाली झोपलो. डावा टाय रॉड धनुष्यासारखा वाकलाय. पट्टी लावायचीही गरज पडली नाही. गेले चार दिवस मी ही गाडी ऑफिसला नेत होते. बूट चारही शाबूत.

मागच्या अ‍ॅक्सलची ब्रीदरची नळी वरून निघून लोंबत होती, तोंडात चिखलाचं बूच. आज सकाळी वरचा बोल्ट आधी सोडला (तो खरंच बसला होता, पान्याला पाइप लावून पायाने दाबावा लागला) आणि खालचा सैल केला, तर आधी चार-पाच चमचे स्वच्छ पाणी आलं. मग करड्या रंगाचं दुधाळ तेल. पुढच्या अ‍ॅक्सलचं तेल ठीक, ट्रान्सफर केसचं आणि गिअरबॉक्सचंही ठीक. क्लचची परीक्षा टाय रॉड बदलल्यावरच घेणार, आता रस्त्यावर काढत नाही.

प्रतिसाद २ आणि ३, तुमच्या भांडणात मी दोघांचं ऐकलं. हुक मागवलेत, पण तीन आठवड्यांत बसतील अशी खात्री नाही. त्यामुळे गटप्रमुखांना फोन करून सांगितलं, की मी येते, गाडी येत नाही. मला वाटलं होतं ते हो-हो करून सोडून देतील. ते म्हणाले, 'बरंच झालं, बाहेर उभं राहून चाकं दाखवायला माणूस हवाच असतो. आणि दगड भरायला तू आता तयार आहेस.' हा टोमणा होता की कौतुक, अजून ठरत नाहीये.

पंप घेतला. एक शेवटची शंका: त्याची वायर लायटरच्या सॉकेटला लावू की थेट बॅटरीला? सोबत दोन्हींच्या पिना आल्या आहेत.

*

प्रतिसाद ३

थेट बॅटरीला, इंजिन चालू ठेवून. चार टायर भरायचे म्हटलं की लायटरचा फ्यूज दुसऱ्या टायरलाच उडतो.