भाचा पंधराव्या वर्षी साडेसहा फुटांजवळ पोचलाय, बास्केटबॉलला पाठवावं का?

जिंतूरकर मामा, परभणी

मंडळी, सल्ला पाहिजे. माझ्या बहिणीचं लेकरू नववीला आहे, वय पंधरा. उंची 6 फूट 5 इंच आणि अजून थांबायचं नाव नाही. दिवाळीला शिवलेली पँट संक्रांतीला घोट्याच्या वर गेली. दाजी सहा फुटांच्या आत, ताई पाच-दोन. दोन्ही घराण्यांत इतकं उंच कोणी झालेलं नाही. लेकरू शाळेच्या संघात कबड्डी खेळतं, चढाई चांगली करतं.

मागच्या महिन्यात सामन्यांच्या वेळी एक गृहस्थ भेटले. म्हणाले, ह्याला कबड्डीत कशाला कुजवता, बास्केटबॉलला टाका, दोन लाख भरा, अमेरिकेचं मी बघतो. दाजींनी राखून ठेवलेलं सोयाबीन नुकतंच विकलंय, पट्टी हातात आहे, ते द्यायला निघालेत. ताई रडायलीय, तिला वाटतं लेकराला काहीतरी आजार आहे. तिकडची ती सात-सात फुटांची माणसं नुसत्या उंचीवर खेळतात का? आणि त्यांच्या तब्येतीचं पुढं काय होतं?

क्रीडाशिक्षक, लातूर

मामा, आधी दाजींचा हात धरा. पट्टीतला एक रुपया त्या माणसाला जाऊ देऊ नका. खरंच गुण दिसले तर अशा मुलाकडून पैसे मागत नाहीत, त्याला शिष्यवृत्ती देतात. सतनाम सिंग भामराचं बघा. पंजाबात बरनाळा जिल्ह्यातल्या बल्लोके गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, उंची 7 फूट 2 इंच. लुधियानाच्या अकादमीत तयार झाला, 2010 मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला, आणि 2015 मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या, नव्या खेळाडूंच्या निवडीत डॅलस मॅव्हरिक्स संघानं त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला, एनबीएच्या संघानं निवडलेला तो पहिला खेळाडू. तरीही एनबीएच्या एकाही सामन्यात तो मैदानावर उतरला नाही. तो सात-दोनचा होता, हे दाजींना सांगा.

उंच माणसानं बास्केटखाली नुसतं उभं राहून खेळू नये म्हणून त्या खेळाचे नियमच बदलत गेलेत. जॉर्ज मायकन 6 फूट 10 इंचांचा, त्याला कोणी हलवू शकेना. मग 1951 मध्ये बास्केटसमोरचा पट्टा 6 फुटांवरून 12 फूट रुंद केला. विल्ट चेंबरलेन आला, 7 फूट 1 इंच, तेव्हा 1964 मध्ये तो 16 फूट झाला. आपल्या संघाकडं चेंडू असताना त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. बास्केटकडं खाली येणारा चेंडू हातानं उडवता येत नाही. अमेरिकेच्या कॉलेजांत तर 1967 ते 1976 डंक मारायलाच, म्हणजे उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबायलाच, बंदी होती. थोडक्यात, उंच माणसाला सारखं हलावं लागतं. म्हणून मी मुलाची उंची एकदा मोजतो आणि त्यानंतर पायच बघत राहतो.

आणि इथंच तुमच्या भाच्याबद्दल मला आशा वाटते. हकीम ओलाजुवान नायजेरियाचा. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्यानं बास्केटबॉल हातात धरला नव्हता; फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता, हँडबॉल खेळायचा. पुढं त्याच पायांवर त्यानं एनबीएमधल्या ह्यूस्टनच्या संघाला 1994 आणि 1995 ची विजेतेपदं मिळवून दिली. बास्केटकडं पाठ, एक पाय जमिनीला खिळलेला, खांदा डावीकडं टाकायचा आणि शरीर उजवीकडं न्यायचं. अडवणारा हवेत गेला की हा सावकाश चेंडू टाकायचा. चांगला चढाईपटू निदान रेषेपाशी काय करतो? टाचा किंचित उचललेल्या, वजन पंजांवर, कोपरारक्षकाला एका खांद्यानं हूल आणि दुसऱ्या बाजूच्या पायानं स्पर्श. दोन्हीकडं कसब एकच आहे. म्हणून कबड्डी सोडवू नका. अशा उंचीचं आणि पदलालित्य असलेलं पोरगं मला माझ्या शाळेत मिळालं असतं तर मी त्याला जपलं असतं.

एक गोष्ट स्वतः बघा. त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावा आणि आवाज ऐका. पंजावर उतरत असेल तर आवाज बारीक येतो. टाच आपटत असेल तर घरभर ऐकू येतं. आपटत असेल तर ते आत्ताच सुधारायचं, कारण या उंचीच्या माणसाचा पायच आधी जातो. चीनचा याओ मिंग 7 फूट 6 इंचांचा, 2002 मध्ये एनबीएच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, एवढ्या मापाचा आणि इतक्या नाजूक हाताचा खेळाडू क्वचितच झाला. पावलातली हाडं पुन्हापुन्हा मोडली आणि 2011 मध्ये, तिशीतच, त्याला थांबावं लागलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पण हे सगळं तपासणीनंतर. ताईंची शंका उडवून लावू नका. इथं कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी लिहावं.

हाडांचा डॉक्टर, नांदेड

सरांशी सहमत. ताईंनी घाबरू नये, पण आई-वडील एवढे उंच नसताना मुलगा इतका वाढतोय म्हणजे तपासणी हवीच. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी. तिथं गाठ असली तर वाढीचं हार्मोन जास्त सुटतं, आणि हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या जुळेपर्यंत उंची वाढतच राहते. रुमानियाचा बास्केटबॉलपटू घेओर्गे मुरेशान 7 फूट 7 इंच झाला तो याच कारणानं. त्याचे आई-वडील साधारण उंचीचेच. खेळाडू म्हणून तो उत्तम होता, 1996 मध्ये एनबीएचा सर्वाधिक प्रगतीचा पुरस्कार मिळाला. पण गाठ वेळेत सापडली तर उपचार आहेत. डोकं दुखणं, बाजूचं नीट न दिसणं, बुटाचा नंबर भराभर वाढणं, जबडा रुंद होणं, यांतलं काही आहे का विचारा. वाढीचं हार्मोन जास्त आहे का ते कळायला रक्ताची आयजीएफ-1 तपासणी आणि हाडांचं वय कळायला डाव्या हाताचा एक्स-रे, एवढ्यावर सुरुवात होते. लागलं तर एमआरआय.

दुसरी जास्त महत्त्वाची, कारण ती खेळताना जीवावर बेतू शकते. मार्फान सिंड्रोम. यात हृदयातून निघणारी महाधमनी कमकुवत असते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, 6 फूट 5 इंच, 1986 मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली आणि गेली. मार्फान असल्याचं मृत्यूनंतर कळलं. बास्केटबॉलपटू आयझाया ऑस्टिन, 7 फूट 1 इंच, 2014 मध्ये एनबीएच्या निवडीच्या काही दिवस आधी तपासणीत सापडला. त्याचं नाव मागं पडलं, पण धोका वेळेत कळला.

मार्फानच्या खुणा दिसतात का, ते बघायला घरी एवढं करा: भाच्याला एका हातानं दुसरं मनगट धरायला सांगा. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांवर सहज चढतं का? पसरलेल्या हातांचं माप उंचीपेक्षा बरंच जास्त आहे का? छाती मधे खोल आहे का, चष्म्याचा नंबर मोठा आहे का? उत्तरं काहीही येवोत, 2डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्याच. आणि हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा.

माजी विद्यापीठ खेळाडू, छ. संभाजीनगर

मामा, मी मुलगी आहे, 5 फूट 11 इंच, त्यामुळं थोडं वेगळं सांगते. लग्नात, एसटी स्टँडवर लोक अशा मुलाच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात. शाळेत मी खांदे पाडून चालायला लागले होते. कोर्टवर आले तेव्हा पाठ सरळ झाली. एनबीएचा खेळाडू मनुट बोल 7 फूट 7 इंचांचा, सुदानमधल्या डिंका समाजाचा. 1987-88 च्या हंगामात 5 फूट 3 इंचांच्या मग्सी बोग्जशेजारी त्याला उभं करून काढलेले फोटो सगळ्यांनी बघितलेत. पहिल्याच हंगामात, 1985-86 ला, त्यानं बास्केटकडं टाकलेले 397 चेंडू अडवले हे कितीजणांना माहीत आहे? आणि सुदानच्या निर्वासितांसाठी पैसा उभा करायला तो बॉक्सिंगच्या रिंगणातही उतरला. भाच्याला त्याच्याबद्दल हे सांगा. आणि त्याला स्वतःला काय खेळायचंय, ते अजून कोणी विचारलंय का?

जिंतूरकर मामा, परभणी

संभाजीनगरच्या ताई, तुमचं वाचून भाच्याला विचारलं. म्हणाला, दोन्ही. डॉक्टरसाहेब, मनगटाचं केलं, टोकं चढत नाहीत. बुटाचा नंबर मात्र एका वर्षात 10 वरून 13 झालाय. सोमवारी नांदेडला एको आणि रक्त, दोन्ही ठरवलंय. दाजींनी पैसे परत बँकेत टाकले. पण रविवारी गावच्या यात्रेत सामने आहेत आणि पूर्ण संघ त्याच्या जिवावर आहे. खेळू देऊ का?

क्रीडाशिक्षक, लातूर

नाही. एको झाल्याशिवाय एक चढाईसुद्धा नको, संघ कितीही रागावला तरी. त्याला राखीवमध्येही बसवू नका, ऐन वेळी उतरवतात. गुणलेखकाच्या टेबलावर बसू द्या. रिपोर्ट नीट आले तर त्याला घेऊन लातूरला या, एक दिवस मैदानावर बघतो. तेरा नंबरचे बूट जिंतूरला मिळणार नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतील. पण नंबर एवढा भराभर का वाढला ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच मागवा.