स्टॅड शिकवताना उत्तर तपासायची सवय कशी लावायची?

प्रश्न (डिप्लोमा शिक्षिका, सांगली)

नमस्कार. मी पॉलिटेक्निकमध्ये तिसऱ्या वर्षाला स्टॅड प्रो (इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर) शिकवते. मुलं हुशार आहेत, दोन तासांत तळमजला अधिक तीन मजल्यांचं मॉडेल उभं करतात. रन झालं, एरर आली नाही, की त्यांच्या लेखी काम संपलं. परवा एका गटाच्या बीमला स्टील फारच कमी निघालं म्हणून मी मॉडेल उघडून पाहिलं, तर भिंतींचं वजनच दिलेलं नव्हतं. तरीही सगळे बीम-कॉलम पास! आकडा बघताच शंका यावी, यासाठी लॅबमध्ये काय करून घेऊ?

उत्तर १ (आरसीसी कन्सल्टंट, कोल्हापूर)

मॅडम, रन करण्याआधी मुलांकडून कागदावर एकच आकडा लिहून घ्या: इमारतीचं एकूण वजन. १२५ मिमी स्लॅबचं स्वतःचं वजन ३.१२५ किलोन्यूटन प्रति चौ.मी., फ्लोअर फिनिश १, राहत्या खोल्यांचा लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) २. झाले ६.१२५. दहा बाय बारा मीटरचा मजला असेल तर ७३५ किलोन्यूटन. त्यात बीम, कॉलम आणि भिंती मिळवा. २३० मिमीची वीटभिंत, बीमखालची उंची २.५५ मीटर, तर गिलावा न धरताही मीटरला साधारण ११.७ किलोन्यूटन होतात. एवढं वजन राहून गेलं तर सपोर्ट रिअॅक्शनची (आधारांवर येणाऱ्या भारांची) बेरीज कागदाशी जुळणारच नाही. मात्र या तुलनेसाठी १.५ चा सुरक्षा गुणक लावलेलं कॉम्बिनेशन घेऊ नका, गुणक नसलेली साधी डेड (कायमचं वजन) आणि लाइव्ह केस घ्या.

दुसरी तपासणी मला फार आवडते. सारखा भार असलेला कुठलाही एक बीम निवडा. मधला मोमेंट (बीम वाकवणारा परिणाम) आणि दोन्ही टोकांच्या हॉगिंग मोमेंटची (वरची बाजू ताणणाऱ्या मोमेंटची) सरासरी यांची बेरीज डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ (डब्ल्यू म्हणजे मीटरमागे भार, एल म्हणजे लांबी) इतकी यायलाच हवी, टोकं फिक्स असोत वा नसोत. ४ मीटरच्या बीमवर २० किलोन्यूटन प्रति मीटर असेल तर ४०. फळ्यावर दोन मिनिटांत होतं.

आणि गॅलरीच्या स्लॅबपाशी मुलांना जरूर थांबवा. तिथे मुख्य सळई वर असते. काँक्रीट ओतताना माणसांच्या पायाखाली ती दबली, खाली चेअर (सळई वर धरून ठेवणारे सळईचे आधार) नसल्या, तर स्टॅडचं उत्तर कितीही बरोबर असो, गॅलरी धोक्यात येते. जमलं तर सेंट्रिंग चालू असलेल्या साइटवर न्याच.

उत्तर २ (साइट इंजिनिअर, पुणे)

सगळं पटतं, पण मुलाखतीत आधी "स्टॅड येतं का, ईटॅब्स (असंच दुसरं सॉफ्टवेअर) येतं का" हेच विचारतात. मुलांचा वेग कमी करू नका, ही विनंती.

उत्तर ३ (स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठाणे)

वेग हवाच, पण नॉर्वेच्या स्लाइपनर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचं उदाहरण वर्गात सांगाच. २३ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचा काँक्रीटचा पाया स्टॅव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये (खोल, अरुंद खाडीत) बुडाला. फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये (रचनेचे छोटे तुकडे पाडून गणित करणाऱ्या मॉडेलमध्ये) एलिमेंटची जाळी नीट नव्हती, त्यामुळे भिंतीतला शिअर (कातरबल) ४७ टक्के कमी दाखवला गेला. सळयांचं अँकरेजही (काँक्रीटमधली पकड) अपुरं होतं. नंतर काळजीपूर्वक हिशोब केला तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. प्रोग्रॅम चालला होता, एररही नव्हती.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या प्रॅक्टिकलला वजनाचा कागद तपासल्याशिवाय रन करू देणार नाही. भिंतीच्या वजनातून दारं-खिडक्या वजा करायला सांगू का?

उत्तर १ (आरसीसी कन्सल्टंट, कोल्हापूर)

कागदावर नको आणि मॉडेलमध्येही नको. दोन्हीकडे पूर्ण भिंत धरा, म्हणजे तुलना सरळ राहील. फक्त पॅरापेट (गच्चीची कठडाभिंत) आणि गच्चीवरची पाण्याची टाकी विसरू देऊ नका. भिंतींच्या खालोखाल तीच राहून जातात.