भूत राहू दे, घर बघा

"भुताटकीच्या म्युझियमचं तिकीट म्हणजे पैसे पाण्यात" असं कुणीतरी म्हटलंय. म्हणून हे थोडं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या ओल्ड टाउनमधलं व्हेली हाउस, म्हणजे असंच भुताटकीसाठी गाजलेलं घर-म्युझियम, मी दोनदा पाहिलंय, दुसऱ्यांदा आई सोबत होती आणि ती जिना चढताना सरळ रामरक्षा पुटपुटत होती.

थॉमस व्हेलीने १८५७ मध्ये हे विटांचं घर पुरं केलं. जागा कुठली निवडली, तर १८५२ साली होडीचोरीपायी यांकी जिम नावाच्या माणसाला फाशी दिलं तीच. बरं, ती फाशी या गृहस्थाने स्वतः पाहिलेली! मग घरात जड पावलं वाजायला लागली यात नवल ते काय.

या घरात एकेकाळी कोर्टही भरायचं, आणि भुतापेक्षा मला त्या कोर्टाची खोली आवडली. लाकडी कठडा, ओळीने खुर्च्या, आणि कठड्यापलीकडे पाचसहा पावलांवर घरमालकाची बैठक. याच घरात दुकानही होतं आणि वरच्या मजल्यावर नाटकं. १८७१ मध्ये व्हेली परगावी असताना कोर्टाची दप्तरं शहराच्या नव्या वस्तीत हलवली गेली, तो किस्सा गाइडकडून जरूर ऐका.

बाकी १८८५ मध्ये व्हेलींच्या मुलीने, व्हायलेटने, इथेच जीव दिला. तिच्या नावाने रात्रीच्या टूरमध्ये ज्या किंकाळ्या मारतात त्या मात्र मला अजिबात रुचत नाहीत. दिवसा जा. आईला विचाराल तर ती म्हणेल, जिन्यात कुणीतरी होतं.