शाळेच्या ग्रंथपालाला बैठका कशाला? या पोस्टला उत्तर

डिचोलीची ग्रंथपाल

काल एका मुख्याध्यापकांनी लिहिलं: ‘पुस्तक द्यायचं, परत घ्यायचं, रजिस्टर भरायचं. एवढ्यासाठी ग्रंथपालांना प्रशिक्षण आणि बैठका कशाला? पणजीला जाऊन सामोसे खाण्यापेक्षा शाळेत थांबले तर एखादा तास तरी निभावेल.’ बऱ्याच जणांनी खाली ‘अगदी बरोबर’ म्हटलं. मला ते गिळवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गणिताच्या शिक्षकाला अडलं तर स्टाफरूममध्ये दुसरा गणितवाला असतो. ग्रंथपाल शाळेत एकच. ज्यांनी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) केलं तेव्हा कार्ड कॅटलॉग होता, त्यांनाच आज संगणकावर कोहा नाहीतर ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर बसवा म्हणतात. विचारायचं कुणाला? शिपायाला?

आता कुलपाचं बघा. आमच्यातले कितीतरी जण कपाटं बंद ठेवतात, ती आळसाने नव्हे, भीतीने. पडताळणीत पुस्तकं कमी भरली तर पगारातून कापतील ही भीती. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम 215 आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, आणि त्यात बेइमानी किंवा हलगर्जीपणा नसेल, तर ते वाजवी धरावं असं तो सांगतो. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. हे मला माझ्या शाळेत कुणी सांगितलं नाही. काणकोणच्या एका ग्रंथपालांनी सांगितलं, तेही अशाच एका बैठकीत, जेवायला बसलो असताना. परत आल्यावर मी खालचे दोन कप्पे उघडे ठेवले. पाचवीची मुलं पुस्तकाला हात लावण्याआधी माझ्याकडे बघायची, परवानगी आहे का म्हणून. एवढी सवय आपण त्यांना लावून ठेवली होती.

मुख्याध्यापक, पेडणे

ती पोस्ट माझीच. नियम 215 केंद्र सरकारच्या खात्यांसाठी आहे. माझी शाळा अनुदानित. ऑडिटर आले की व्यवस्थापनापुढे मी उभा राहतो, काणकोणचे ग्रंथपाल नव्हे. आणि बैठकांत काय चालतं ते मी पाहिलंय. समई पेटवायची, पाहुण्यांचं भाषण, ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथनांचे पाच नियम, जेवण, प्रमाणपत्र. दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, तेच. त्या दिवशी माझे दोन शिक्षक रजेवर असले तर वर्ग कुणी सांभाळायचे?

वाळपईहून

सर, तुमचं शेवटचं वाक्य हेच आमचं दुखणं आहे. ज्या शिक्षकाची रजा, त्याच्या तासाला ग्रंथपाल. ग्रंथालयाला टाळं आणि मी सातवीच्या वर्गात ‘गप्प बसा’ म्हणत उभी. वर मतदार याद्यांचं काम. वर्षाअखेरीस तुम्हीच विचारता, मुलं वाचत का नाहीत? आधी आम्हाला ग्रंथालयात बसू द्या, मग बैठकांचं बोला.

निवृत्त ग्रंथपाल, म्हापसा

भाषणांबद्दल पेडण्याच्या सरांशी मी सहमत आहे, नाइलाजाने. पण जेवणाच्या सुट्टीत जे होतं तेच खरं प्रशिक्षण. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, तेव्हा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं, तळाचा कप्पा रिकामा ठेवावा, हे मी दुसऱ्या शाळेच्या ग्रंथपालाकडून शिकलो. कोंकणी पुस्तकांना कुठला क्रमांक द्यायचा हेसुद्धा आम्ही काही जणांनी एकत्र बसूनच ठरवलं. ड्युईत, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्य 891.46, कोंकणी 891.469. त्याप्रमाणे लावलं आणि वाद मिटला.

मडगावकर

कुणाचा वाद मिटला? साहित्य अकादमीने 1975 मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलं. 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो, दोघांना ज्ञानपीठ मिळालं. आणि शाळेच्या कपाटात कोंकणी अजून मराठीच्या पोटातच? मूल कपाटापुढे उभं राहिलं की त्याला काय दिसतं? आधी मराठी, मग शेवटी कोपऱ्यात आपली भाषा.

मराठी शिक्षिका, फोंडा

क्रमांक ड्युईचा आहे, आम्ही मराठीवाल्यांनी दिलेला नाही. दर वेळी राग आमच्यावर का? गोव्यात मराठी वाचणारी घरं आहेत, मराठी नाटकं गावोगाव होतात. आमच्या शाळेत मराठीची नवी पुस्तकं मागितली तर ‘घेणार कोण’ म्हणतात. कोपऱ्यात कोण पडलंय ते येऊन बघा.

मडगावकर

टीचर, मी तुमच्या नाटकांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. क्रमांकाबद्दल बोललो. तुम्हीच ते अंगावर ओढून घेतलंत.

मराठी शिक्षिका, फोंडा

‘मराठीच्या पोटात’ हे शब्द कुणाचे? दुसऱ्याला बोलायचं आणि मग आपणच दुखावल्याचं सांगायचं, हे बरं नाही.

सासष्टीतली प्राथमिक शिक्षिका

तुम्ही दोघंही देवनागरीतच भांडताय. माझ्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या घरी कोंकणी वाचतात ती रोमी, म्हणजे रोमन लिपीत. चर्चमधलं वाचन त्यातच, आजीचं मासिकही त्यातच. आमच्या शाळेत रोमी पुस्तकं इंग्रजीच्या कपाटात आहेत, कारण लावणाऱ्याने अक्षरं बघितली, भाषा नाही. एक मुलगी सहा महिने ‘कोंकणी नाही का?’ विचारत होती आणि पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं. तिच्यासाठी 891.46 आणि 891.469 यांत काय फरक?

निवृत्त ग्रंथपाल, म्हापसा

रोमीचा विचार आम्ही तेव्हा केला नाही, हे मान्य करावं लागतं. पण भांडण वाढवू नका. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिलं. मुलाला बोरकर हवे असतात. ते त्याला दोन कपाटांत शोधायला लावायचे का, हा ग्रंथपालाचा प्रश्न आहे, भाषावाद्यांचा नव्हे.

मडगावकर

बोरकरांचं बरोबर आहे. क्रमांकाचं मी सोडणार नाही.

डिचोलीची ग्रंथपाल

बघा, धागा कुठल्या कुठे गेला, आणि हाच माझा मुद्दा आहे. सासष्टीच्या टीचरांनी सांगितलं ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण माझ्या शाळेत रोमी वाचणारी मुलं थोडी. माझ्याकडे एक पद्धत आहे ती सांगते. क्रमांक ड्युईचाच ठेवायचा, रजिस्टरही तसंच. पण पुस्तकाच्या कण्याला रंगीत पट्टी लावायची: देवनागरी कोंकणी एक रंग, रोमी कोंकणी दुसरा, मराठी तिसरा. कप्पा मुलाच्या वाचनाप्रमाणे लावायचा. ऑडिटरला क्रमांक दिसतो, मुलाला रंग. हीही मला दुसऱ्या शाळेतून मिळालेली युक्ती. मागणी एवढीच आहे की भाषणं नकोत. दर महिन्याला तालुक्यातल्या ग्रंथपालांनी एका शाळेच्या ग्रंथालयात बसावं, तिथली कपाटं बघावीत, अडलेलं विचारावं. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात, 1832 पासून चालत आलेल्या संस्थेत, मराठी, कोंकणी, पोर्तुगीज पुस्तकं एका छपराखाली आहेत. तिथली माणसं हे रोज हाताळतात. त्यांच्यापर्यंत जायला आम्हाला रजा टाकावी लागते. पणजीतल्या बुकवर्म या संस्थेने मुलांच्या ग्रंथालयांवर इतकी वर्षं काम केलंय. त्यांच्याकडून शिकायलाही रजाच.

मुख्याध्यापक, पेडणे

पट्टीची कल्पना चांगली आहे, आमच्या ग्रंथपालांना सांगतो. कपाट उघडं ठेवण्याबद्दल व्यवस्थापनाकडून लेखी मिळाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तालुक्यातली बैठक चालेल, पण शनिवारी शाळा सुटल्यावर. शाळेच्या वेळात नको.

वाळपईहून

शिक्षकांचं प्रशिक्षण ड्युटीवर आणि आमचं शाळा सुटल्यावर? वाळपईहून बस पकडून घरी पोचायला रात्र होते, सर. ड्युटी लावा, बदली तासाला दुसरा माणूस द्या, मग बघा किती ग्रंथपाल येतात ते.

मुख्याध्यापक, पेडणे

दुसरा माणूस मिळाला असता तर मी ती पोस्ट लिहिलीच नसती. पण ड्युटीचं म्हणणं रास्त आहे. मुख्याध्यापकांच्या पुढच्या सभेत मांडतो. मंजूर होईल असा शब्द देत नाही.

डिचोलीची ग्रंथपाल

मांडा, सर. नियम 215 ची प्रतही सोबत न्या. व्यवस्थापनाने तो लागू नाही म्हटलं, तर आपल्या शाळांसाठी गहाळ पुस्तकांचा कुठला नियम आहे ते लेखी मागून घ्या. तो कागद आमच्यापैकी प्रत्येकाला हवा आहे.