प्रतिसाद: तिसऱ्या क्वार्टरमध्ये ढिला पडणारा बचाव
बास्केटबॉल सामन्याच्या पहिल्या क्वार्टरमध्ये (चार भागांपैकी पहिल्यात) जीव तोडून बचाव करणारी मुले तिसऱ्यात ढिली पडतात, या प्रश्नावर आधीच्या प्रतिसादांत बहुतेकांनी दमसास वाढवण्याचा उपाय सुचवला आहे. तो योग्यच आहे. परंतु माझ्या मते खरी अडचण चेंडूपासून दूर असलेल्यांची असते. चेंडूसमोरचा खेळाडू दमला तरी वाकून उभा राहतो, मात्र विरुद्ध बाजूचे दोघे गुडघे सरळ करून चेंडूकडे नुसते पाहत राहतात आणि तेवढ्यात त्यांनी रोखायचा प्रतिस्पर्धी पाठीमागून बास्केटखाली शिरतो. म्हणून सरावात 24 सेकंदांचे घड्याळ (एवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे फेकावाच लागतो) लावून, प्रत्येक पासबरोबर पाचही जणांनी जागा बदलली का, एवढेच पाहावे. रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) समोरच्यांनी घेतला, तर फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे आणखी 14 सेकंद बचाव करायला लावावा. तेवढी शिक्षा पुरते, उठाबशा नकोत.

मागचे जागे असले की काय होते ते पाहा: 2004 च्या एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक लीग) अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात डेट्रॉइट पिस्टन्सने लेकर्सना 68 गुणांवर रोखले, तेव्हा बास्केटजवळ पिस्टन्सचा बचावपटू बेन वॉलेस होता आणि त्याच्या भरवशावर पुढच्या सहकाऱ्यांना चेंडूवर दबाव टाकता येत होता.

खेळाडू वेळेवर बदलणे मात्र प्रशिक्षकाच्याच हाती आहे, कारण दमलेला मुलगा पाय हलवण्याऐवजी हात घालतो, त्याने फाउल होतो आणि क्वार्टरमधील पाचव्या सांघिक फाउलपासून (संघातील सगळ्यांचे मिळून मोजलेले) प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायच्या फेकी) मिळू लागतात.