सोलापूरला आठ हजार खुर्च्यांचं बंदिस्त क्रीडागृह परवडेल का?

पार्कचौकी: मार्चअखेरपासून दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, मैदानावरचे सामने सकाळ-संध्याकाळी उरकावे लागतात. होम मैदान जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेला जातं. उघड्यावरचा स्पीकर रात्री दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात बंदिस्त सभागृहाला सूट आहे. म्हणून 8,000 आसनांचं एकच क्रीडागृह हवं. मधली जागा हँडबॉलची, 40 बाय 20 मीटर धरा. बास्केटबॉलचं 28 बाय 15 आणि कबड्डीचं 13 बाय 10 तिच्यात आरामात बसतं. खालच्या रांगा आत सरकणाऱ्या घ्या, मैफलीला तेवढी जागा मोकळी. मुंबईत वरळीच्या बंदिस्त डोममध्ये प्रो कबड्डीही झाली, गाण्याचे कार्यक्रमही होतात.

टँकरभरोसे: मालक, वरळीला समुद्र आहे, आपल्याला उजनी धरणाची पाईपलाईन. हिशोब करा. बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. 8,000 माणसांचे 800 किलोवॅट, म्हणजे सव्वादोनशे टन एसी नुसता अंगाच्या उष्म्यापायी. बाहेरची तापलेली ताजी हवा, छत, दिवे धरले की 600 टनांचा प्लँट लागतोच. एसीची उष्णता पाण्याची वाफ करून बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये टनाला तासाला सातेक लिटर पाणी उडतं. पाच तासांच्या कार्यक्रमाला 21 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळंच. नळाला रोज पाणी नाही त्या गावात हे लोकांना सांगणार कोण?

पार्कचौकी: टॉवरला पिण्याचं पाणी कशाला? प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालतं, क्षार आणि शेवाळ सांभाळलं की झालं. नाहीतर एअर कूल्ड चिलर घ्या, तो पाण्याऐवजी पंख्याच्या हवेनं उष्णता बाहेर टाकतो.

टँकरभरोसे: घ्या की! पाणी वाचेल, वीजबिल वाढेल. शिवाय ऐन उन्हात, नेमकी गरज असताना, त्याची क्षमता घटते.

देशी_जुगाड: आपली हवा कोरडी आहे, पाण्यानं हवा गार करून नळीतून सोडणारे मोठे डक्ट कूलर पुरतील.

कोर्टवाला: प्रेक्षकांना पुरतील, कोर्टाला नाही. ओल्या हवेनं लाकडी फ्लोअर फुगतो, पट्ट्या मधोमध उचलल्या जातात. झोताबरोबर बॅडमिंटनचं शटल वाहतं ते निराळंच. बास्केटबॉलचा सुटा फ्लोअर भोवतालच्या दोन मीटरसकट 608 चौरस मीटर होतो. चार बाय आठ फुटी पॅनेल धरली तर दोनशेच्या वर. मैफलीआधी ती उचलायची, नंबरवार ढिगात लावायची, परत त्याच क्रमानं जोडायची. क्रम चुकला की सांधे बसत नाहीत, चेंडू तिथं मरतो. उचलायचा कंटाळा म्हणून फ्लोअरवरच सतरंजी टाकून खुर्च्या मांडल्या तर पॉलिशची वाट लागते, आणि आपल्याकडे तेच होणार.

मिक्सरवाला: खरी गोम छतात आहे. मोठ्या शोचे स्पीकर, लाईट, एलईडी भिंत मिळून वीस-तीस टन वजन छताला टांगतात. ट्रसच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या डिझाइनमध्ये ते आधीच धरलेलं पाहिजे, मागाहून जमत नाही. मग जमिनीवर स्पीकर-लाईटचे टॉवर उभे राहतात आणि मागच्या खुर्च्यांना स्टेज दिसत नाही. बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धेला कोर्टावर 12 मीटर मोकळी उंची हवी; ती पत्र्यापर्यंत नव्हे, सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत मोजा. नुसत्या पत्र्याखाली ढोल घुमत राहतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत. भोकांचा पत्रा आणि त्यामागे आवाज शोषणारं जाड रॉकवूल लागतंच. टेंडरमध्ये काटछाट झाली की पहिली कात्री त्यालाच.

पार्कचौकी: मग 3,000 आसनांचं बांधा, पण छत आठ हजारवाल्याच्या ताकदीचं.

टँकरभरोसे: यावर बोलू. तीन हजारांना एक टँकर पुरेल.